दुसऱ्या शीलापासून

चाळीत माझं काम कधीच कुणाला नीट समजलं नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. मी विमानाच्या पंखांना भोकं पाडणारे रोबो तयार करते, असं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा शेजारची काकी म्हणाली, "मग ते पडत नाही काय ग?" सगळी गॅलरी हसली. पंखाचा पत्रा आतल्या सांगाड्यावर बसवायचा तर हजारो खिळे लागतात, प्रत्येक खिळ्याला भोक लागतं, आणि ते केसाएवढंही तिरकं जाऊन चालत नाही. माणसाचा हात दमतो, यंत्राचा दमत नाही. एवढं ऐकून काकीने निकाल दिला, "म्हणजे शिवणकामच की." मला ते पटलं. तेव्हापासून आई सगळ्यांना सांगायची की माझी मुलगी विमानं शिवते.

खोली भोईवाड्यातली, पहिल्या मजल्यावरची. वडील गिरणीत होते. गिरणी गेली आणि काही वर्षांनी तेही गेले, फुफ्फुसांनी. आई परळच्या एका मोठ्या इस्पितळात आया होती. रुग्णांना पुसणं, कूस बदलणं, भांडी देणं, चादरी काढणं, हे काम तिने आयुष्यभर केलं आणि त्या पगारावर आम्हा दोघा भावंडांना शिकवलं. मी इंजिनिअर झाले, शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले आणि तिथेच राहिले. लग्न तिथे केलं, तिथेच मोडलं. त्याचा इथे संबंध नाही. धाकटा भाऊ पालिकेच्या नोकरीत लागला आणि बायकोसह आईबरोबर त्याच खोलीत राहिला.

मी राहते ते गाव इंग्लंडच्या उत्तर भागात आहे. तिथेही एकेकाळी कापडाच्या गिरण्या होत्या, त्याही बंद पडल्या. गावाबाहेरच्या एका लांबलचक शेडमध्ये माझा संशोधन गट काम करतो. मी त्याची प्रमुख आहे. बरीच वर्षं आम्ही प्रवासी विमानांवर काम केलं. आजकालचे पंख कार्बनच्या कापडाचे थर एकमेकांवर चिकटवून करतात. त्यात भोक पाडताना पुढून सगळं सुबक दिसतं आणि मागच्या बाजूने थर सुटतात. ते सुटू नयेत म्हणून ड्रिलचा वेग, दाब, रोबोच्या हाताची किंचितशी थरथर, हे सगळं कसं आवरायचं, हा माझा विषय. त्यात मी चांगली आहे. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढचं कळायला ते लागेल.

मग प्रवासी विमानांच्या मागण्या आटल्या. गट मोडायची वेळ आली होती. कंपनीने आमचे रोबो आणि आम्हाला शेजारच्या इमारतीत हलवलं. तिथे जायचं तर त्या देशाचं नागरिकत्व हवं. मी ते आधीच घेतलं होतं. दारात फोन कपाटात ठेवून आत जावं लागतं. आतले पंख लहान, करड्या रंगाचे, आणि त्यांच्याखाली काय टांगायचं त्याच्या जागा आधीच आखलेल्या. रोबोला त्याने काही फरक पडत नाही. हात तोच, भोक तेच. मला फरक पडला का, तर पहिले काही आठवडे पडला. नंतर काम सुरू झालं आणि त्यातल्या अडचणी फार चांगल्या होत्या.

घरी मी एवढंच सांगितलं की नवीन विमान आहे, जास्त बोलता येत नाही. आईला त्यात काही विशेष वाटलं नाही. गिरणीतसुद्धा रंगखात्यातले लोक आपली मात्रा बाहेर सांगत नसत, म्हणाली. मी खोटं बोलले नव्हते. तिनेही पुढे विचारलं नाही.

आता आईबद्दल. चाळीच्या तळमजल्यावर, पूर्वी व्यायामशाळा होती त्या खोलीत, आमचं विहार आहे. दर रविवारी सकाळी वंदना असते: त्रिशरण, मग पंचशील. पहिलं शील जीव न घेण्याचं, चौथं खोटं न बोलण्याचं. आई पुढच्या रांगेत बसायची आणि नंतर बायकांना अष्टांगिक मार्ग समजावून सांगायची. तिला शाळा चौथीपर्यंतच होती, पण वॉर्डमध्ये नव्या आयांना कामं शिकवायची सवय होती. तशीच ती हे शिकवायची. सम्यक आजीविका म्हणजे पोट भरायची वाट स्वच्छ असली पाहिजे. हत्यारं विकायची नाहीत, माणसं विकायची नाहीत, मांस, दारू, विष विकायचं नाही. बायका मुद्दाम खोडी काढायच्या. "आणि बोंबील खायचे काय?" आम्ही मूळ कोकणातले, आईला बोंबील जिवापलीकडे आवडायचा. ती म्हणायची, ते मला विचारू नका, पहिलं शील म्हणताना मलाच तो आठवतो.

निवृत्त झाल्यावर तिने बोंबील सोडला. मटण, मासे, अंडी, सगळंच सोडलं. असा नियम आमच्यात कुणी लावलेला नाही. काकीने विचारलं, "बामणीण झालीस काय ग?" आई म्हणाली, नाही, दर रविवारी सकाळी सकाळी खोटं बोलायचा कंटाळा आला. घरात भाऊ आणि भावजय खात राहिले. ती त्यांना करूनही द्यायची, मीठ चाखायला मात्र भावजयीला बोलवायची. दुसऱ्याला तिने कधी काही सोडायला सांगितलं नाही. स्वतः जे करत नाही ते तोंडाने म्हणायचं नाही, एवढीच तिची अट होती, आणि ती तिने स्वतःवरच लावली होती.

एकदाच ती वाकडी वागली, असं लोक म्हणायचे. चाळीतल्या एकाने बाहेर रस्त्यावर बार काढला. माणूस चांगला, कुणाच्या अडीनडीला धावणारा. त्याने विहाराला थंड पाण्याचा कूलर दिला. कमिटीने हार घालून घेतला. आई मात्र रविवारी घरून पाण्याची बाटली घेऊन जायला लागली. भांडली नाही, बोलली नाही, फक्त बाटली. ती बाटली त्या माणसाला वर्षानुवर्षं दिसत राहिली. तो एकदा भावाला म्हणाला होता, तुझी आई मला शिव्या देती तर बरं झालं असतं.

दोन वर्षांपूर्वी आईच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, आणि फेब्रुवारीत परत दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं की आता दुखणं कमी ठेवू, बाकी काही नाही. मी मोठी रजा काढून आले. आल्याबरोबर दोन कामं केली. खोलीतलं कपाट गॅलरीत हलवलं, आणि इस्पितळात असतो तसा मोटरचा पलंग मागवला, ज्याचं डोकं-पाय बटणावर वर-खाली होतात. वर हवेची गादी, जिच्यात हवा आळीपाळीने भरते म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. आईने गादी दाबून पाहिली. अशी एक गादी वॉर्डला मिळावी म्हणून ती वर्षानुवर्षं मागत होती, म्हणाली. मग बटण दाबून वर-खाली करून बघितलं आणि खूश झाली. "हापण तूच बनवलास काय?" मी म्हटलं, नाही, पण जात तीच. चाळीतल्या बायका पलंग बघायला येऊन गेल्या.

एप्रिल जवळ आला. जयंतीची तयारी सुरू झाली, निळे झेंडे लागले. कमिटीचा सेक्रेटरी, विमा कंपनीत नोकरी करणारा, घरी येऊन म्हणाला की यंदा ताईंचा सत्कार करायचा, चाळीची मुलगी परदेशात एवढ्या पदावर आहे. मला नको होता. आईला हवा होता. तिने त्याला बसवून चहा दिला, म्हणजे करायला लावला. मी विरोध केला नाही; तिच्यापाशी फारसं काही उरलं नव्हतं.

आठवड्याभरात चाळीच्या कमानीवर फ्लेक्स लागला. मधोमध मी, सूटमध्ये, कुठल्याशा परिषदेतला जुना फोटो. आणि माझ्या डोक्यावरून झेपावणारी तीन लढाऊ विमानं, मागे धुराचे पट्टे. भावाने सेक्रेटरीला विचारलं, हे कुठून आलं? तो म्हणाला, "दादा, साधं विमान लावलं तर ट्रॅव्हल्सची जाहिरात वाटते. फायटर लावलं की वजन येतं." त्याला काहीही माहीत नव्हतं. त्याने इंटरनेटवरून मिळालं ते चित्र उचललं होतं.

त्या दिवशी आम्ही आईला तपासणीहून परत आणत होतो. टॅक्सीतून उतरवून व्हीलचेअरवर बसवलं, आणि कमानीखाली तिने हात वर करून थांबायला सांगितलं. तिने फ्लेक्स नीट पाहिला. माझा फोटो तिला आवडला. मग म्हणाली की चुकीचं विमान लावलंय, पोरांना काय कळतं, बदलून घ्या. भाऊ म्हणाला, राहू दे ग, दोन दिवसांचा प्रश्न आहे. ती ऐकेना. खोलीत आल्यावर, पलंगावर टेकल्यावर, तिने परत विषय काढला. सेक्रेटरीला फोन लाव. बायका विचारतील. मी काय म्हणून सांगितलंय सगळ्यांना इतकी वर्षं?

भावजय पेज ढवळत होती. भाऊ माझ्याकडे बघत होता. त्याला मी मागेच सांगितलं होतं. एवढंच करायचं होतं की हो म्हणायचं आणि फोन लावायचा. मी म्हटलं, "आई, ते चुकीचं नाही. आता मी त्यांचेच पंख करते."

भावजयीने गॅस बंद केला. आईने पेज घेतली, दोन चमचे, आणि मग मला विचारायला लागली, वॉर्डमध्ये नवा पेशंट आला की विचारायची तशी, एकेक. कधीपासून? सांगितलं. ती विमानं कोण घेतं? म्हटलं, तिथलं सरकार घेतं, आणि ते ज्यांना विकतं ते देश घेतात. कुणावर टाकतात? म्हटलं, ते मला सांगत नाहीत, मी बातम्यांतच बघते. मग मी बोलले, आणि जे मानते तेच बोलले: की प्रत्येक देशाला आपलं रक्षण करावं लागतं, आपलाही करतोच, आणि मी बॉम्ब करत नाही, मी पंख करते.

"तुझ्या भोकांशिवाय ते उडेल काय?"

"उडेल. माणसं हाताने पाडतील. वेळ लागेल."

"म्हणजे तुझ्यामुळं लवकर होतं."

मी म्हटलं, हो. तोच माझा सगळा विषय आहे, लवकर आणि बिनचूक. आईने मान हलवली. मग तिला दुखायला लागलं आणि मी गोळी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भावाला सांगितलं, माझं अंथरूण खाली भिंतीपाशी घाल. त्याला वाटलं पलंग बिघडला. मला लगेच कळलं. मी जे बोलायचं ते सगळं बोलले. खाली उतरवताना-चढवताना तिला दुखेल, भाऊ आणि भावजय मोडून पडतील, पाठीला जखमा होतील, आणि जखमा म्हणजे काय हे तिला मी सांगायला नको. ती म्हणाली, जखमा मला ठाऊक आहेत, तीस वर्षं धुतल्यात. मग जरा हसली.

"त्याच्या कूलरचं पाणी नाही प्यायले आणि लेकीच्या पलंगावर झोपू? त्याला काय तोंड दाखवू?"

भावाने तिला उचललं, मी पाय धरले. पलंग खोलीची अर्धी जागा अडवून तसाच उभा राहिला. त्यावर धुतलेल्या चादरी ठेवायला लागलो.

भाऊ मला गॅलरीत घेऊन गेला. तो कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशीही नाही चढवला. म्हणाला, ताई, अजून वेळ गेलेली नाही. जा आणि सांग की तुझी चेष्टा केली, फ्लेक्स चुकीचाच आहे. ती मानेल, तिला मानायचंच आहे. काय जातंय तुझं? मी म्हटलं, मी तिच्याशी खोटं बोलणार नाही.

"चौथं शील पाळतेस होय? मग पहिल्याचं काय?"

त्याला लागेल असं बोलायचं होतं आणि ते लागलं. पण तो चुकत होता. आईशी खोटं बोलणं मला जमलं नसतं असं नाही. इतकी वर्षं गप्प राहून तेच केलं, असंही म्हणता येईल. पण ती ज्या गोष्टीसाठी पलंगावरून उतरली होती, तीच मोडून तिला परत चढवायचं, हे मला बावळटपणाचं वाटलं. तिने ते पकडलं असतं. शरीर संपत आलं होतं, डोकं शाबूत होतं.

सत्काराला मी गेले नाही. आई आजारी आहे म्हणून, असं सगळ्यांनी समजून घेतलं. आईने कुणाला काही सांगितलं नाही. सेक्रेटरी शाल आणि मानचिन्ह घरी आणून देऊन गेला, आणि जाताजाता म्हणाला की ताई, वहिनींकडून कळलं आम्हाला, खरोखरच फायटरचं काम करता, मग तर अजून भारी. काकीने कौतुकाने विचारलं, म्हणजे देशाचं काम की. भाऊ म्हणाला, "कुठल्या देशाचं, ते विचार." काकीला ते कळलं नाही, आईला कळलं. फ्लेक्स जयंतीनंतरही महिनाभर कमानीवर राहिला, कारण उतरवायचं काम कुणाकडेच नव्हतं. इस्पितळात जाता-येता ती विमानं आमच्या डोक्यावर असायची. आई मान वर करायची नाही.

ती माझ्यावर रुसली होती असं कुणी समजू नये. माझ्याशी ती नेहमीसारखीच बोलायची. मी तिला पुसायचे, कपडे बदलायचे. कूस बदलताना उशी गुडघ्यांच्या मध्ये कशी द्यायची, ओढायचं नाही, चादरीसकट सरकवायचं, हे ती सांगायची आणि मी करायचे. भावजय तेच काम माझ्यापेक्षा हळुवार करायची. जखम मे महिन्यात झाली, माकडहाडापाशी. आधी लाल चट्टा, मग कातडी गेली. ती मला रोज विचारायची, किती झाली, आणि मी खरं सांगायचे, रुपयाएवढी, मग वाटीएवढी. ते आमच्यात ठरूनच गेलं होतं. इंग्लंडहून गटाचे फोन यायचे. त्या इमारतीतलं काम फोनवर बोलता येत नाही, त्यामुळे बोलणं फक्त तारखांचं व्हायचं: कधी येणार. आई खालून ऐकायची. मी फोन ठेवला की विचारायची, काय म्हणतात? म्हणायचे, थांबलेत. ती म्हणायची, थांबवून ठेवू नकोस लोकांना, काम म्हणजे काम.

नोकरी सोड, असं ती एकदाही म्हणाली नाही. मी वाट बघत होते. उत्तरही तयार ठेवलं होतं: गटात माझ्या हाताखाली माणसं आहेत, मी गेले तर दुसरं कुणी येईल, पंख थांबणार नाहीत. ते उत्तर मला द्यावंच लागलं नाही. माझ्यासारखीच तिनेही नोकरी कधी सोडली नव्हती. तिच्या वॉर्डात डॉक्टरांच्या चुकीने गेलेली माणसंही तिने पुसून, गुंडाळून दिली होती आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली होती. हे तीच सांगायची.

एका दुपारी भाऊ कामावर होता, भावजय खाली पाणी भरायला गेली होती. मी जखमेची पट्टी बदलली आणि हात धुऊन आले. आई म्हणाली, बस. मी जमिनीवर बसले. तिचा आवाज तोवर फार बारीक झाला होता, वाकावं लागायचं.

"मी गेल्यावर पंचशील होईल. पहिलं शील तू म्हणू नकोस."

मी तिची चादर सारखी केली.

"बाकीची म्हण. चोरी नाही केलीस, दारू नाही घेत. ती म्हण." मग म्हणाली, "माझ्यासमोर खोटं नको, बाय."

मी म्हटलं, बरं. तिने डोळे मिटले. मला वाटतं तिला बरं वाटलं. निदान तसं दिसलं. तिने माझ्याकडे मागितलेली ही एकमेव गोष्ट. मी इंग्लंडहून येताना बॅगा भरून वस्तू आणायचे, तिने कधी एक मागितली नव्हती.

ती जूनच्या सुरुवातीला गेली, सकाळी, भावजय तिचे केस विंचरत असताना. मी शेजारी होते. श्वास लांबत गेला आणि पुढचा आला नाही. तिला तयार मीच केलं, तिने शिकवलं होतं त्याच क्रमाने. पांढरं लुगडं नेसवलं. चाळीच्या अंगणात सगळे जमले. विहाराचे बौद्धाचार्य, पांढऱ्या सदऱ्यातले, निवृत्त पोस्टमन, आम्ही त्यांना काका म्हणतो, त्यांनी पंचशील दिलं. गर्दीत पहिल्या शीलाला माझं गप्प राहणं कुणाला कळलं नाही. भोईवाड्याची स्मशानभूमी चालत जाण्याइतकी जवळ आहे. बारवाला सगळ्यांत पुढे होता, खांदा द्यायला. भावाने त्याला देऊ दिला.

पलंगाचा प्रश्न राहिला. भावजयीला खोली मोकळी हवी होती, आणि तिने इतके महिने जे केलं त्यानंतर ती जागा तिची होती. काका म्हणाले, विहाराला द्या, चाळीतल्या आजाऱ्यांना कामाला येईल. मी त्यांना सांगितलं की आईने तो का सोडला. पूर्ण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ताई, आजाऱ्याला गादी लागते. तुझ्या आईइतकं सगळ्यांना कुठून झेपणार?" चारजणांनी पलंग जिन्यावरून उतरवला आणि विहारात, कूलरच्या शेजारी, ताडपत्रीखाली ठेवला. माझ्या माहितीत आतापर्यंत दोघांनी तो वापरला.

जलदान विधी रविवारी होता. सोमवारचं माझं तिकीट काढलेलं होतं. पुढच्या आठवड्यात त्या इमारतीत नव्या पंखाची चाचणी होती आणि ती मीच घेणार होते, मी घेतलीही. विहारात आईचा फोटो, मेणबत्त्या, पांढरी फुलं, तांब्यात पाणी. कुटुंब पुढच्या रांगेत, म्हणजे भाऊ, भावजय आणि मी. मागे सगळी चाळ. काकांनी माइक लावला होता आणि तो आमच्या तोंडापाशी धरला होता, कारण अशा वेळी घरच्यांचा आवाज ऐकू यायला हवा असतो. त्रिशरण झालं. मग काकांनी पहिलं शील म्हटलं आणि थांबले.

भाऊ आणि भावजय म्हणाले, मागे चाळ म्हणाली. मी हात जोडून बसले होते. काकांना वाटलं माझा कंठ दाटला. ते मायाळू आहेत. त्यांनी माइक माझ्याकडे वळवला आणि पहिलं शील पुन्हा म्हटलं, सावकाश, शब्द तोडून, लहान मुलीला सांगावं तसं. मागे बायका रडायला लागल्या. काकीने माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाली, "म्हण ग, म्हण." माइकमधून नुसता माझा श्वास ऐकू येत होता.

भाऊ माझ्याकडे बघत नव्हता. तो आईच्या फोटोकडे बघत होता. त्याने हात लांबवला, माइक आपल्याकडे ओढला आणि म्हणाला, "पुढचं घ्या, काका."

काकांनी दुसरं घेतलं, चोरी न करण्याचं. भावाने माइक परत माझ्यापुढे धरला. तिथून पुढची सगळी मी म्हटली. आवाज स्पष्ट होता. चौथंसुद्धा.